चांदवडची पेठ

नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव चांदवड येथील बाजारपेठ. मुंबई-आग्रा रस्त्यावर, सातमाळ रांगेच्या कुशीत. रस्त्याने वसवलेली पेठ रस्ताच कशी उठवतो, हे समजून घ्यायला सोयीचे उदाहरण.

होळकरांच्या अमलात येथे टांकसाळ होती. तिचा चांदवडी रुपया दूरवर चाले. अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला रंगमहाल त्याच वैभवाचा अवशेष. १८१८ च्या मंदसोर तहाने गाव इंग्रजांकडे गेले आणि दरबारी गिऱ्हाईक संपले. १८६० च्या दशकात लोहमार्ग लासलगाव-मनमाडकडून गेला. चांदवड बाजूला पडले. मोटारींनी रस्त्याला पुन्हा महत्त्व आणले खरे, पण चौपदरी महामार्गावरच्या गाडीला जुन्या पेठेत शिरायचे कारण उरत नाही. धंदा रस्त्याच्या कडेला सरकतो. ऑनलाइन खरेदीला दोष देणे सोपे आहे. पेठा ओसरायला लागल्या त्या कितीतरी आधी.

बंद दुकान उघडायचे कसे, हा प्रश्न बराचसा कुलपाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ जेथे लागू आहे, तेथे भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक ती परत मागू शकतो (कलम १६). कुलूप मालकाचेच असेल, तर मात्र हे कलम निरुपयोगी. वाटणीच्या वादात अडकलेली, फळ्या लावून ठेवलेली वडिलोपार्जित दुकाने याच प्रकारातली. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२४ पासून स्थानिक संस्थेला वर्षाहून अधिक काळ रिकाम्या दुकानाचा भाडेपट्टा, एक ते पाच वर्षांसाठी, लिलावात काढता येतो. आपल्याकडे लिलाव होतात ते नगरपरिषदांच्या स्वतःच्या गाळ्यांचे. चढ्या बोलीत अनामत फुगते आणि शिंप्याला, सायकलवाल्याला गाळा परवडत नाही.

चांदवडच्या पेठेतली उधारी कांद्यावर चालते. बाजार समितीत लिलाव झाला, हिशेबपट्टी हातात आली, की कापड, भांडी, खत-बियाण्यांची खरेदी होते. भाव पडला की तीच दुकाने वहीत नावे लिहीत बसतात. त्यामुळे नुसत्या रंगरंगोटीने पेठ सुधारत नाही. गावच्या रेणुकामातेच्या नवरात्रातील भाविक दर्शन घेऊन परस्पर महामार्गाला लागतो. त्याला रंगमहालापर्यंत आणायचे, तर वाहनतळ, स्वच्छतागृह आणि पायी चालण्याजोगी वाट आधी लागते. लहान मुदतीचे, कमी अनामतीचे गाळे त्याच वाटेवर निघाले तर ते चालण्याची शक्यता अधिक.