कृत्रिम गुडघ्याची घडण

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, अशी समजूत वरवर पाहणारास सहज होते. वस्तुतः पाय वांकतांना मांडीचें हाड नडगीच्या हाडावर लोळतें, घसरतें आणि किंचित् वळतेंहि. कृत्रिम गुडघ्याचा इतिहास म्हणजे ही तिहेरी हालचाल ओळखण्याचा इतिहास होय.

इ. स. १८९० च्या सुमारास बर्लिनचे शस्त्रवैद्य थेमिस्टोक्लेस ग्लुक ह्यांनीं क्षयानें पोखरलेल्या गुडघ्याच्या जागीं हस्तिदंती बिजागरी बसविली. कल्पना धाडसाची होती. परंतु रोगग्रस्त सांध्यांत जंतुसंसर्ग बळावून ते प्रयोग फसले. पुढें १९५१ सालीं स्वीडनमध्यें बोर्ये वाल्डियस ह्यांनीं अ‍ॅक्रिलिकची व नंतर धातूची बिजागरी आणली. रुग्ण चालूं लागले. पण ही बिजागरी एकाच आंसाभोंवतीं फिरे. पाय वळतांना पडणारा सारा ताण हाडांत रोंवलेल्या तिच्या दांड्यांवर येई, आणि कालांतरानें ती सैल होई.

ही कोंडी फुटली ती इंग्लंडांतील रायटिंग्टन रुग्णालयांत. तेथें जॉन चार्नली ह्यांनीं खुब्याच्या सांध्यासाठीं धातू व पॉलिएथिलीन ह्यांची जोडी यशस्वी केली होती. १९६८ सालीं कॅनडाचे फ्रँक गन्स्टन ह्यांनीं तीच जोडी गुडघ्यास लावली आणि बिजागरीच टाकून दिली. दोन्ही भाग सुटे राहिले. त्यांस एकत्र ठेवण्याचें काम शरीराच्या मूळच्या बंधांवर सोंपविलें गेलें.

१९७४ पासून न्यूयॉर्कमध्यें जॉन इन्सॉल व त्यांचे सहकारी हाडांचीं टोकें पूर्ण झांकणारा गुडघा बसवूं लागले. त्यांत एकमेकांस छेदून जाणारे आंतले दोन्ही बंध काढले जात. त्यामुळें गुडघा फारसा वांकत नसे. म्हणून १९७८ सालीं इन्सॉल व अभियंता अ‍ॅल्बर्ट बर्स्टीन ह्यांनीं मध्यें एक खुंटी बसविली. ती मांडीच्या हाडाला योग्य वेळीं मागें सरकविते. दुसरा पक्ष मात्र मागील बंध राखावा असें म्हणे. त्या पद्धतींत हाड कमी कापावें लागतें. पण बंध दुबळा असल्यास सांधा डळमळतो. खुंटीचा गुडघा अधिक भरंवशाचा, पण खुंटीहि झिजतेच. तिसऱ्या पक्षानें पॉलिएथिलीनची चकतीच हलती ठेविली.

ह्या पक्षांचा वाद तुलनात्मक चाचण्यांनीं बराचसा शमविला. वेदना व चालणें ह्या बाबतींत ह्या घडणींत मोठें अंतर आढळलें नाहीं. मांडी घालून बसूं इच्छिणाऱ्यांसाठीं अधिक वांकणारे गुडघे निघाले. त्यांचा जादा लाभहि अल्पच ठरला. शस्त्रक्रियेपूर्वीं गुडघा किती वांकत होता, ह्यावरच पुढचें वांकणें बव्हंशीं अवलंबून असतें.

स्वीडननें १९७५ सालीं ह्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही उघडली. इतर देशांनीं तो कित्ता गिरविला. अशा नोंदींवरूनच, सुमारें ८२ टक्के कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षें टिकतात, असा अंदाज २०१९ सालीं मांडतां आला. भारतांत २०१७ सालीं सरकारनें ह्या साधनांच्या किमतींस कमाल मर्यादा घातली. ज्याला जमविलेली पुंजी मोजून गुडघा घ्यावयाचा आहे, त्यानें घडणीच्या नवेपणापेक्षां तिच्या नोंदींकडे पाहणें हेंच शहाणपणाचें ठरतें.