विजयवाड्याहून धाराशिवपर्यंत : खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेची वाटचाल

इतिहास म्हटला की राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा आपल्या डोळ्यांपुढे येतात. ज्या शाळेत आपण त्या तारखा पाठ केल्या, त्या शाळेच्या पटांगणालाही स्वतःचा इतिहास असतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. ढोकी हे धाराशिव जिल्ह्यातील एक गाव. तेरणा सहकारी साखर कारखाना आणि कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावरील स्थानक यांमुळे त्याचे नाव पंचक्रोशीबाहेर गेले. शेजारीच संत गोरोबाकाकांचे तेर आहे. अशा गावच्या पटांगणात दोन खांब रोवले आणि फक्कीने रेघा आखल्या की खो-खोचे मैदान तयार होते. ना चेंडू लागतो, ना फळी, ना जाळी. इतक्या अल्प साधनांच्या या खेळाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा कशी उभी राहिली, आणि मराठवाड्यातील या दुष्काळी जिल्ह्याला तिने काय दिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

खेळ आपल्या परिचयाचा आहे. तरी त्याची घडण एकदा आठवून पाहावी. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात असतात. त्यांपैकी आठ जण मधल्या पाटीवरील चौकोनांत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा धावतो. त्याला बसलेल्या गड्यांच्या रांगेतून आरपार जाता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबाला वळसा घातल्याखेरीज बदलता येत नाही. बचाव करणारे मात्र तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात आणि त्यांना कोठूनही कोठे जाण्याची मुभा असते. म्हणजे पाठलाग करणारा एकटा असता, तर त्याचा पराभव ठरलेलाच होता. बसलेल्या सोबत्याच्या पाठीला स्पर्श करून तो ‘खो’ म्हणतो, आपली धाव त्याच्या हाती सोपवतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. ‘खो घालणे’ हा आपल्या भाषेत विघ्न आणण्याचा वाक्प्रचार आहे. मैदानावर मात्र खो देणे म्हणजे योग्य क्षणी स्वतः थांबून दुसऱ्याला उठवणे.

हा खेळ जुना आहे, पण त्याचे लेखी नियम जुने नाहीत. पुण्यातील डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियम बांधण्यास आरंभ केला. १९१९ मध्ये मैदानाला लंबवर्तुळाकार देण्यात आला. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली आट्यापाट्या आणि खो-खो यांची नियमावली छापून प्रसिद्ध केली. या छापील नियमांचे मोल मोठे आहे. नियम गावागणिक बदलत असतील, तर सामना गावच्या शिवेबाहेर जाऊ शकत नाही. पुणे, सांगली, कोल्हापूर, मुंबई, बडोदे येथील खेळाडू एकाच मोजमापाच्या मैदानावर उतरू शकतील, तेव्हाच त्यांच्यातील श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला अर्थ येतो.

या वाटचालीच्या काळात आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. राज्यांच्या सीमा अशा हलत असतानाच खो-खोची अखिल भारतीय संघटना आकारास येत होती. भारतीय खो-खो महासंघाच्या विद्यमाने १९५९-६० मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. ती पुण्यास किंवा मुंबईस नव्हे, तर आंध्रातील विजयवाडा येथे भरली, ही गोष्ट लक्षणीय आहे. स्पर्धा केवळ पुरुषांची होती आणि तीत अवघे पाच संघ उतरले. राजाभाऊ जेस्ते यांच्या नेतृत्वाखालील मुंबई प्रांताच्या संघाने पहिले अजिंक्यपद पटकावले. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी व्हावयाची होती. म्हणून मराठी मातीत वाढलेल्या या खेळाच्या पहिल्या विजेत्यांच्या नावापुढे ‘महाराष्ट्र’ हा शब्द नाही.

पाच संघांच्या स्पर्धेला राष्ट्रीय म्हणावे काय, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे दूर, कॅनडात जावे लागेल. तेथे बर्फावरून सुमारे वीस किलो वजनाचा दगडी गोटा घसरवत नेमक्या वर्तुळात पोहोचवण्याचा ‘कर्लिंग’ नावाचा खेळ आहे. चौघांच्या संघातील एक जण गोटा सोडतो आणि सोबती त्याच्यापुढचा बर्फ झाडूने घासत त्याची वाट सुकर करतात. हा खेळ स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी तेथे रुजवला. तंबाखूच्या व्यवसायातील मॅक्डोनाल्ड कंपनीच्या आश्रयाने ‘ब्रायर’ नावाची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९२७ साली टोरांटो येथील ग्रॅनाइट क्लबमध्ये सुरू झाली. तीत आठच संघ होते आणि नोव्हा स्कोशियाच्या मरे मॅकनील यांचा संघ विजयी झाला. आज तीच स्पर्धा त्या देशाच्या हिवाळ्यातील मोठा क्रीडोत्सव मानली जाते. राष्ट्रीय स्पर्धा लहानच जन्मते. दरवर्षी, नेमाने, त्याच नियमांनी ती पुन्हा भरत राहिली की मग ती राष्ट्राची होते.

या दोन स्पर्धांची तुलना आणखी एका बाबतीत बोलकी आहे. ब्रायर सुरू झाल्यानंतर सबंध कॅनडातील स्त्रियांसाठी राष्ट्रीय स्पर्धा भरण्यास १९६१ साल उजाडावे लागले. मध्ये चौतीस वर्षे गेली. खो-खोमध्ये हे अंतर एका वर्षाचे होते. विजयवाड्यानंतरच्या हंगामात, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूर येथे महिलांचीही राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९६३-६४ मध्ये इंदूरच्या स्पर्धेपासून सर्वोत्कृष्ट खेळाडूंसाठी वैयक्तिक पुरस्कार सुरू झाले, तेही जोडीनेच : पुरुषांसाठी ‘एकलव्य’ आणि महिलांसाठी ‘राणी लक्ष्मीबाई’. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार खो-खोला प्रथम १९७० साली सुधीर परब यांच्या रूपाने मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो अचला देवरे यांना लाभला. मुलींनी परकरपोलक्यात वा शाळेच्या गणवेशात मैदानावर धावावे की नाही, याची चर्चा घरोघरी चालू होती, त्या काळात या खेळाच्या धुरीणांनी स्त्रियांसाठी दार उघडे ठेवले. त्या दाराचे महत्त्व पुढे मराठवाड्याला कळावयाचे होते.

सारिका काळे ही उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, कन्या. घरची परिस्थिती अत्यंत बेताची. प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली ती घडली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी हा पुरस्कार खो-खोच्या वाट्याला १९९८ साली, शोभा नारायण यांच्या रूपाने आला होता. बावीस वर्षांचा हा खंड या जिल्ह्यातील एका मुलीने संपवला. शासनाच्या क्रीडा खात्यात अधिकारी म्हणून तिला मिळालेले काम हेही त्या खेळाचेच फळ होय.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पंचावन्नावी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उस्मानाबाद येथे भरली. विजयवाड्याला पाच संघांनिशी निघालेली दिंडी अशी या जिल्ह्याच्या दारी आली. महाराष्ट्राच्या पुरुष आणि महिला, या दोन्ही संघांनी येथे विजेतेपद मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यांत भारताच्या महिलांनी नेपाळवर ७८-४० आणि पुरुषांनी नेपाळवरच ५४-३६ अशी मात केली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आणि विजयी महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

हे यश आनंदाचे आहे. त्याबरोबर काळजीचीही एक बाब आहे. विश्वचषकाचा खेळ मातीवर झाला नाही. तो मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात, सात-सात गड्यांच्या वेगवान प्रकाराने झाला. २०२२ पासून सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने खेळाडूंना पैसा आणि प्रसिद्धी दिली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु मॅटवर पाय टाकण्याची रीत वेगळी, घसरण्याचे आणि सूर मारण्याचे तंत्र वेगळे. ज्या शाळेकडे केवळ माती आहे, तेथील मुलगी प्रथमच मॅटवर उतरते ती निवडचाचणीच्या दिवशी, असे होऊ लागले तर निकाल खेळापूर्वीच लागलेला असेल. ज्या खेळाचे सारे वैभव त्याच्या निर्धनतेत होते, तो साधनांच्या अभावी गरिबाच्या हातून निसटावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

यावर उपाय करणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक मॅट असावी आणि ती आळीपाळीने आसपासच्या शाळांना मिळावी. मैदानावर वाहने उभी करण्याचा किंवा खोल्या बांधण्याचा मोह शाळांनी आवरावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, दहावीचे वर्ष आले म्हणून खेळातून काढून घेण्याची पाळी आली की आधी मुलीलाच घरी बसवण्याची आपली रीत आई-वडिलांनी सोडावी. सारिका आणि अश्विनी यांच्या घरच्यांनी तसे केले असते, तर या जिल्ह्याच्या इतिहासातील दोन पाने कोरी राहिली असती.

१९५९-६० मध्ये ज्यांनी पाच संघ गोळा करून स्पर्धा भरवली, त्यांना गुवाहाटीचे पदक किंवा दिल्लीचा विश्वचषक पाहता आला असेल वा नसेल. त्यांनी आपली धाव पुरी केली, पुढच्याच्या पाठीला हात लावला आणि ते आपल्या जागी बसले. तो खो पुढे कोल्हापूरला, इंदूरला, धाराशिवला पोहोचला. आता तो ढोकीसारख्या शेकडो गावांच्या पटांगणांपाशी आला आहे. पाठीवर हात पडताच उठून धावणारे कोणी तेथे बसलेले असावे, एवढी तजवीज आपल्या पिढीने करावयाची आहे.