निळीचे नाव, कार्बनचे जाळे

सन १८६३. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे फेर्डिनांड राइश आणि थिओडोर रिश्टर जस्ताच्या खनिजाची तपासणी करीत होते. राइश रंगांध असल्याने वर्णपट पाहण्याचे काम रिश्टर यांच्याकडे होते. त्यांना एक अनोळखी, गडद निळी रेषा दिसली. युरोपात नीळ ज्या नावाने ओळखली जाई, त्याचा मूळ अर्थच ‘भारतीय’. त्या रंगावरून नव्या धातूस ‘इंडियम’ हे नाव मिळाले. आज मोबाइलच्या पडद्यावर बोटाचा स्पर्श टिपणारा अदृश्य थर बहुधा इंडियम व कथिल यांच्या ऑक्साइडचा, म्हणजे ‘आयटीओ’चा असतो.

पारदर्शकता आणि वीजवहन सहसा एकत्र नांदत नाहीत. धातूंतील मुक्त इलेक्ट्रॉन वीज वाहतात, पण प्रकाश परतवतात. काच प्रकाश सोडते, पण वीज अडवते. कार्ल बेडेकर यांनी १९०७ मध्ये कॅडमियम ऑक्साइडच्या पातळ थरात हे दोन्ही गुण साधले. पुढे आयटीओ सर्वांत यशस्वी ठरले. मात्र इंडियम दुर्मीळ. ते मुख्यत्वे जस्ताच्या उत्पादनातील उपपदार्थ म्हणून मिळते. शिवाय आयटीओचा थर वाकवताच तडकतो.

१९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बन नॅनोनलिकांची रचना उलगडली आणि पर्यायाची आशा निर्माण झाली. २००४ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील अँड्र्यू रिन्झलर यांच्या गटाने द्रवात विखुरलेल्या एकपदरी नलिका गाळणीच्या पापुद्र्यावर गाळल्या व नंतर तो पापुद्रा विरघळवला. उरलेला ५० नॅनोमीटर जाडीचा थर दृश्य प्रकाशाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग आरपार सोडत होता. त्याचा पृष्ठरोध होता ३० ओहम प्रतिचौरस.

उणीव राहिली ती सांध्यांत. नलिकेतून इलेक्ट्रॉन वेगाने जातो, पण दुसऱ्या नलिकेवर उतरताना अडखळतो. त्यातच साधारण तिनांपैकी एकच नलिका धातूप्रमाणे वागते. उरलेल्या दोन अर्धसंवाहक असतात. म्हणून संशोधकांनी अधिक लांब नलिका वापरल्या, त्यांचे जुडगे सुटे केले, नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली, चांदीच्या नॅनोतारांची जोड दिली. रोध घटला, पण आम्लाचा परिणाम कालांतराने ओसरतो.

सांध्यांच्या या अडचणीवर बेंगळूरु येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात जी. यू. कुलकर्णी यांच्या गटाने वेगळीच वाट काढली. वाळताना तडकणाऱ्या लेपाच्या भेगांत त्यांनी धातू बसवला आणि लेप धुऊन टाकला. उरले ते धातूचे अखंड जाळे, ज्यात तारेवर तार टेकण्याचा प्रश्नच नाही.

आयटीओ बाजारातून अद्याप हटलेले नाही. परंतु ज्या धातूच्या नावात भारत आहे, त्याच्या पर्यायाचा शोध आता भारतातही सुरू आहे.