आर्यभटाचे गच्छसूत्र आणि त्याची उपपत्ती

आर्यभटीय (इ. स. ४९९) या ग्रंथाच्या गणितपादात वर्गसमीकरण सोडविण्याचा सामान्य नियम आढळत नाही. त्यामुळे आर्यभटास ही रीत अवगत होती काय, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर श्रेढीविषयक आर्यांत शोधावे लागते.

एकोणिसाव्या आर्येत समांतर श्रेढीचे सर्वधन, म्हणजे सर्व पदांची बेरीज, काढण्याची रीत आहे. विसाव्या आर्येत सर्वधनावरून गच्छ, म्हणजे पदांची संख्या, काढली आहे. सर्वधनास आठाने व चयाने गुणावे; दुप्पट आदी व चय यांच्या अंतराचा वर्ग त्यात मिळवून मूळ घ्यावे; त्यातून दुप्पट आदी वजा करून चयाने भागावे; एक मिळवून अर्धे करावे. आदी ३, चय २ व सर्वधन १२० असता १९२० व १६ मिळून १९३६, त्याचे मूळ ४४. पुढे ३८, १९, २० आणि शेवटी गच्छ १०.

अठ्ठाविसाव्या आर्येतील व्यस्तविधीने, म्हणजे गुणकाचा भाजक व मिळवणीची वजाबाकी करीत उलट जाण्याने, हे सूत्र सिद्ध होत नाही. तो विधी अज्ञात राशी एकदाच आली असता चालतो; येथे गच्छ दोनदा येतो. दुप्पट सर्वधन हा गच्छाचा आणि गच्छयुक्त अशाच दुसऱ्या राशीचा गुणाकार असतो.

मात्र चोविसाव्या आर्येत गुणाकार व अंतर यांवरून दोन राशी काढण्याची रीत आहे : चौपट गुणाकारात अंतराचा वर्ग मिळवून मूळ घ्यावे, त्यात अंतर मिळवून व वजा करून अर्धे करावे. दुप्पट सर्वधनास चयाने गुणले की वरील उदाहरणात ४८० हा गुणाकार मिळतो. दोन राशींचे अंतर ४. मूळ पुन्हा ४४ येते, लहान राशी २०, आणि चयाने भागून गच्छ १०. गच्छसूत्रातील आठाचा गुणक कोठून आला, हेही यावरून उलगडते.

आर्यभटाने उपपत्ती दिलेली नसल्याने हे अनुमानच होय. तथापि ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात सांगितलेल्या वर्गसमीकरणाच्या नियमातही हाच चौपटीचा व वर्ग मिळविण्याचा क्रम आहे. नियमाचा उल्लेख नाही म्हणून ज्ञानही नव्हते, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे युक्त ठरत नाही.