शकुंतलेची सर्व्हिसिंग कोणी करायची?

खूप पळालेल्या गाडीची सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करायची, यावर आपल्याकडे गप्पा रंगतात. आज ऐका वऱ्हाडात 71 वर्षं पळालेल्या एका इंजिनाची गोष्ट.

आपली शकुंतला. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून तिचा एक फाटा अमरावतीतल्या अचलपूरला, दुसरा यवतमाळला. दोन रुळांत अंतर फक्त 762 मिलिमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी हा मार्ग उभारला. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं झेडडी इंजिन 1923 पासून एप्रिल 1994 पर्यंत इथं धावलं.

टिकलं कसं? वाफेच्या इंजिनाला रोज तेल-ग्रीस लागतं, रोज राख काढावी लागते. ठरल्या दिवशी बॉयलर थंड करून आतून धुवावा लागतो. पाण्यातला क्षार आत साचला, की कोळसा जास्त लागतो आणि पत्रा जास्त तापून फुटायची भीती. म्हणजे तारखेनुसार सर्व्हिसिंगच!

पण रुळांचं काय? स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारी झाली, हा मार्ग मात्र कंपनीचाच राहिला. गाडी चालवणारी रेल्वे, पैसे घेणारी कंपनी. या दोघांच्या मधे रुळांची डागडुजी रखडली. 1994 ला डिझेल इंजिन आलं, पण खालचा मार्ग थकलेलाच. शेवटी गाडी बंद पडली आणि गावोगावच्या गरिबांची स्वस्त सवारी गेली.

म्हणून जुनी गाडी बघताना मी किलोमीटर नंतर बघतो. आधी विचारतो, हिच्यावर खर्च कोण करत होतं?