यशया संदेष्ट्याची चर्मपोथी : तिची साक्ष व मर्यादा

इ. स. १९४७ च्या सुमारास मृतसमुद्राच्या वायव्येस, कुमरानजवळील एका गुहेंत, यशयाच्या ग्रंथाची इब्री पोथी सांपडली. इब्री शास्त्राची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत इ. स. १००८ ची आहे. ही पोथी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांतील मानतात. म्हणजे ती हजारांवर वर्षांनीं जुनी. सतरा चर्मपट शिवून केलेली ही गुंडाळी सुमारें ७.३ मीटर लांब असून तिच्या ५४ स्तंभांत ६६ अध्याय जवळजवळ अखंड आहेत.

रूढ पाठाशीं ताडून पाहतां वर्णलेखनाचे भेद पुष्कळ, अर्थभेद थोडे आढळतात. ४० व्या अध्यायांत तेच शब्द दोनदां आल्यानें लेखनिकाची नजर चुकली व मधला मजकूर गळला. तो मागाहून दुसऱ्या हातानें ओळींमध्यें व समासांत भरला आहे. ५३ व्या अध्यायांत ‘प्रकाश’ हा शब्द आहे. तो रूढ पाठांत नाहीं, पण प्राचीन ग्रीक भाषांतरांत आहे. तेव्हां तो इब्री प्रतींतहि होता, हें आतां ठरलें.

खरा वाद पुढेंच आहे. यशया इ. स. पूर्व आठव्या शतकांतला. ग्रंथांत मात्र इ. स. पूर्व ५३९ मध्यें बाबेल घेणाऱ्या कोरेश राजाचें नांव येतें. यावरून ४० व्या अध्यायापासूनचा भाग उत्तरकालीन आहे, असें बहुतेक संशोधक मानतात. पोथींत हा अध्याय ३२ व्या स्तंभाच्या शेवटच्या ओळीवर, खंड न पडतां सुरू होतो. कित्येक श्रद्धाळू हा एककर्तृत्वाचा पुरावा समजतात. परंतु पोथी कोरेशानंतर चारेंकशें वर्षांची. तिच्या काळीं ग्रंथ एक म्हणून उतरला जात होता, एवढेंच ती सांगते. कर्ता एक कीं अनेक, याविषयीं ती मुकी आहे.

मग श्रद्धेचें काय? ज्याची श्रद्धा कोरेशाच्या भाकितावरच उभी आहे, त्याला ह्या पोथीचा आधार पुरणार नाहीं. पण नबी म्हणजे केवळ भविष्यवादी नव्हे; देवाच्या वतीनें बोलणारा तो संदेष्टा. अनाथास न्याय द्या, विधवेची बाजू घ्या, ही पहिल्या अध्यायांतील त्याची मागणी कालनिर्णयावर अवलंबून नाहीं. ग्रंथ पवित्र मानूनहि त्या अज्ञात शोधकानें गळलेला मजकूर उघडपणें समासांत भरला. श्रद्धा व चिकित्सा एकत्र नांदूं शकतात, याची याहून जुनी साक्ष कशाला हवी?