सबवूफर, मोटारगाडीतील
सुमारे 20 ते 120 हर्ट्‌झ कंप्रतेचा खर्ज ध्वनी देणारा स्पीकर. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही 700 (2021) च्या वरच्या श्रेणीत सोनीच्या 12 स्पीकरांच्या संचात तो कंपनीकडूनच बसवलेला मिळाला. सबवूफर ‘उडतो’ तेव्हा बहुधा कॉइल जळलेली किंवा कोनाची कड फाटलेली असते. आवाज टोकापर्यंत वाढवला की अँप्लिफायरच्या लहरींचे माथे छाटले जातात, कॉइल तापते आणि तारेवरचे इनॅमल जळते. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव-मलकापूरकडे उन्हाळ्यात पारा 40° से. ओलांडतो, उन्हात बंद उभ्या गाडीत फोमची कड व गोंद लवकर कमजोर होतात.

तपासणीस मल्टीमीटर पुरतो. 4 ओहमची शाबूत कॉइल साधारण 3.5 ओहम रोध दाखवते; काहीच वाचन न आल्यास तार तुटलेली समजावी. आधी फ्यूज व अँप्लिफायर पाहावा, पुष्कळदा बिचारा स्पीकर निर्दोष निघतो. फाटलेली कड बदलता येते. जळलेल्या कॉइलसाठी मात्र कोनही बदलावा लागतो आणि लहान स्पीकरला तो खर्च सहसा परवडत नाही. नवा घेताना व्यास, खोली व ओहम जुळवावेत. 4 च्या जागी 2 ओहमचा जोडल्यास मूळ अँप्लिफायर जळू शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर वायर कापू नये.